आरती राहिली

उल्काचं काम म्हणजे आवाजाची धुणीभांडी. हे तिचेच शब्द. लोक शूटिंग करून हात झटकून मोकळे होतात. मागे उरलेली एसीची घरघर, गाड्यांचे हॉर्न, कोणाचं तरी खाकरणं, हे सगळं उपसत बसायला उल्का. दोह्यात सलवा रोडच्या आतल्या एका गल्लीत, टायरच्या दुकानावर तिचा स्टुडिओ. तिचा म्हणजे, तिची तिथे नोकरी. मालक निराळा, मॅनेजर इम्रान निराळा, आणि काही बिघडलं की नाव मात्र उल्काचं. पण इथे जी चूक सांगायची आहे ती खरोखर तिचीच होती, त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे अमेरिकेतून मोठं काम आलं. तिकडच्या निरनिराळ्या समाजांच्या लोकपरंपरांवर सहा माहितीपट. दिग्दर्शिका अलीजा, फिलाडेल्फियाची, साठीकडे झुकलेली, तीस वर्षं हेच करत आलेली बाई. दोह्यातल्या कुठल्याशा निधीने हातभार लावला होता, म्हणून आवाजाचं काम इथे. लुइझियानात स्वतःच्या हाताने अकॉर्डियन बनवणारे म्हातारे, केंटकीत गोधड्या शिवता शिवता गाणाऱ्या बायका, न्यू मेक्सिकोत लाकडातून संत कोरणारं एक घर, मेन राज्याच्या किनाऱ्यावर जाळी विणणारे कोळी. उल्का रमून गेली हो त्यात! घरी येऊन पोळ्या लाटतानाही केंटकीच्या बायकांचं गाणं गुणगुणायची.

अलीजाचा एकच कायदा होता आणि तो तिने पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर सांगितला होता. जो आवाज त्या जागी, त्या वेळी नव्हता, तो माझ्या फिल्ममध्ये येणार नाही. लुइझियानाचा म्हातारा वाजवत असताना मधेच कोंबडा आरवला होता. उल्काने विचारलं, काढू का? अलीजा म्हणाली, "तो कोंबडा त्याचाच आहे. राहू दे." उल्काला हे इतकं आवडलं की आठवडाभर भेटेल त्याला ती ही कोंबड्याची गोष्ट सांगत सुटली होती.

आणि मग आला पाचवा भाग. न्यू जर्सीतले मराठी लोक.

वेदांत नावाच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि घरच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतरचा गोंधळ घालायचा होता. एडिसनमध्ये गोंधळी आणणार कुठून? तेव्हा वेदांतचे आजोबा श्यामराव, वय वर्षं एकाहत्तर, सोलापूरच्या बँकेतून रिटायर झालेले, तेच उभे राहिले. जातीचे गोंधळी नव्हेत, पण आयुष्यभर ऐकून ऐकून पाठ. गॅरेजमध्ये चौक मांडलेला, उसाऐवजी कसल्याशा बांबूच्या काठ्या, सून, म्हणजे वेदांतची आई, हातात दिवटी धरून, आणि श्यामरावांनी देवीला पहिली हाक मारली मात्र, दिवटीचा धूर वर गेला आणि छताचा फायर अलार्म बोंबलायला लागला. पीं, पीं, पीं. थांबायचा, पुन्हा पीं, पीं, पीं. सुनेची बहीण टॉवेल घेऊन अलार्मखाली उड्या मारतेय, पोरं हसतायत, आणि म्हातारा थांबायला तयार नाही. गोंधळ सुरू झाला की थांबत नाहीत ना! कापऱ्या आवाजात, धापा टाकत, अलार्मच्या वरताण ओरडून ते एकेका गावच्या देवाला बोलावत होते.

उल्काने हे पाहिलं आणि तिला लाजच वाटली. खोटं कशाला सांगा. लुइझियानाचा कोंबडा गोड वाटला होता, पण आपल्या गोंधळात अलार्म? सगळ्या अमेरिकेने बघायचं, जगाने बघायचं, आणि आपल्या माणसांचं हे असं हसं? तिच्या स्वतःच्या लग्नात साताऱ्याला गोंधळ झाला होता. काय तो आवाज होता त्या गोंधळ्याचा! पत्रे थरथरले होते मांडवाचे. आणि इथे हे खोकणारे आजोबा. तिने ठरवलं, अलार्म काढायचाच. अकरा दिवस घासत बसली. अलार्म काढला की आजोबांचा आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा व्हायचा, आजोबा ठेवले की अलार्म यायचाच. अलीजा म्हणाली होती, जमलं तर बघ, नाही तर असू दे. पण उल्काला असू द्यायचं नव्हतं.

स्टुडिओची व्हॅन चालवायला रंगनाथ होता. पन्नाशीचा, परंड्याकडचा, बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत एका खोलीत चौघांबरोबर राहणारा, सात वर्षं कतारात. सकाळी सगळ्या स्टाफला गोळा करायचा आणि संध्याकाळी सोडायचा, शेवटी उल्काला अबू हमूरला तिच्या घरी. तो जातीचा गोंधळी. दुधाच्या पावडरीचा डबा आणि ब्रेकची तार घेऊन त्याने एक तुणतुणं बनवलं होतं, ते सीटमागे असायचं. सिग्नलला गाडी थांबली की गुणगुणायचा. गुरुवारी उल्काची नऊ वर्षांची आर्या शाळेतून स्टुडिओत यायची आणि याच व्हॅनने घरी जायची. ती मागच्या सीटवर बसून त्याच्या तालावर पाय हलवायची.

"भाऊ," एका संध्याकाळी उल्का म्हणाली, "माझं एक काम कराल? स्टुडिओत थोडं गायचंय. गोंधळातलं देवांना बोलावणं. फक्त तेवढंच, चार मिनिटं. अमेरिकेच्या पिक्चरसाठी."

रंगनाथने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "ताई, ह्ये काय भजन न्हाई कुटंबी म्हनायला. हाक मारली की देव येत्यात. आल्यावर आरती करून त्येंला वाटंला लावावं लागतंय. त्याबिगर उठता येत न्हाई."

"मग करू की आरती. पाच मिनिटं लागतील ना? करू."

"करू म्हनताव?"

"अहो, सांगतेय ना मी."

आता हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. साताऱ्याला तिच्याच गोंधळात सासरे पाय अवघडून कळवळत होते, तरी आरती होईपर्यंत कोणी त्यांना उठू दिलं नव्हतं. अर्धा गोंधळ टाकून उठत नाहीत हे तिच्या हाडीमांशी मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून आला. काचेच्या खोलीत अनवाणी उभा राहिला. आणि त्याने हाक मारली. उल्काच्या अंगावर सरसरून काटा आला. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, मग त्याच्या गावची मरीआई, शिवेवरचा म्हसोबा, कोणी म्हणून सोडलं नाही त्याने. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा उल्का म्हणाली, भाऊ, जरा आवाज कापरा ठेवा, म्हातारा माणूस गातोय असं वाटलं पाहिजे. त्याने तेही केलं. डोळे मिटून, अगदी मनापासून केलं.

इतक्यात इम्रानने दार ढकललं. द पर्ल या श्रीमंती बेटावरच्या कुठल्या हॉटेलची जाहिरात होती, ती माणसं येऊन बसली होती. "यल्ला उल्का, टाइम खलास."

रंगनाथ तुणतुणं हातात धरून तसाच उभा. "ताई, आरती राहिली."

"नंतर करू भाऊ. पक्कं."

त्याने तुणतुणं बगलेत घेतलं. चपला हातात घेऊन बाहेर गेला. आणि ते नंतर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी उल्का घाईत होती, तिसऱ्या दिवशी तिला आठवण झाली तेव्हा तो एअरपोर्टला गेलेला होता, चौथ्या दिवसापासून तिने आठवण काढणंच सोडलं. त्यानेही विषय काढला नाही. फक्त सिग्नलला गुणगुणणं बंद झालं, आणि तुणतुणं सीटमागे दिसेना.

रंगनाथचा आवाज श्यामरावांच्या पाठमोऱ्या आकृतीवर असा काही बसला की उल्का स्वतःवरच खूश झाली. जिथे आजोबांचा चेहरा जवळून दिसत होता तिथे तिने दिवटी आणि माणसांचे हात दाखवणारे तुकडे सुचवले, अलीजाने ते मान्य केले. अलार्म गायब. धाप गायब. अलीजाने विचारलं, "कसं काय जमवलंस?" उल्का म्हणाली, "नवीन फिल्टर आहे." अलीजा तिच्यावर विश्वास ठेवणारी बाई. म्हणाली, सहावा भागही तूच करायचास, आणि पुढची मालिकासुद्धा.

उल्काने ती फिल्म कौतुकाने घरी दाखवली. आर्याने मांडीवरचा पॉपकॉर्नचा वाडगा बाजूला ठेवला आणि ओरडली, "मम्मा, दॅट्स रंगनाथ काका!"

"नाही गं, ते अमेरिकेतले आजोबा आहेत."

"बट ही सिंग्ज लाइक दॅट इन द व्हॅन!"

"सांगितलं ना नाही म्हणून!" उल्का एवढी खेकसली की पोरगी गप्पच झाली.

त्यानंतर चार दिवसांनी अलीजाने एक व्हॉइस मेसेज पुढे पाठवला. तयार झालेला भाग तिने श्यामरावांना बघायला पाठवला होता, त्यावरचा त्यांचा होता, मराठीत. अलीजाला तो समजला नव्हता, म्हणून भाषांतर हवं होतं. आजोबा दम खात बोलत होते. "मॅडम, फिल्म पाहिली. मी त्या दिवशी फार घाबरलो होतो. अलार्ममुळे माझं मलाच ऐकू येत नव्हतं. वाटलं होतं, सगळं वाया गेलं. माझा आवाज इतका चांगला लागला होता, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या हिच्या फोटोपुढे लावून ऐकवलं मी."

उल्काने ते तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. आपण त्या म्हाताऱ्याच्या तोंडातून त्याचा आवाज काढून घेतला, आणि तो आपल्यालाच धन्यवाद देतोय! तिला स्वतःची किळस आली. तरीही तिने अलीजाला काय लिहिलं? लिहिलं, "ते खूप आनंदात आहेत."

मार्च संपत आला. एका संध्याकाळी व्हॅनमध्ये दोघंच उरली तेव्हा रंगनाथने, आरशात न पाहता, विचारलं, "ताई, ह्ये पिच्चर कितींदा लागनार?"

"कितींदा म्हणजे? टीव्हीवर, फेस्टिव्हलला, मग ऑनलाइन. लोक बघतील तितक्या वेळा."

"म्हंजी तितक्यांदा हाक जानार." त्याने गाडी बाजूला घेतली. "तितक्यांदा देव येनार. आन् कुनी वाटंला लावायचं न्हाई. उभंच ऱ्हानार ते. मी बोलावलंय ताई. दुसऱ्या कुनी न्हाई, मी."

उल्का घाईघाईने म्हणाली, "भाऊ, आपण आरती करू. या शुक्रवारी. नक्की."

"त्या दिशी आले त्येंची हुईल. पिच्चरातल्यांची?" मग तो जरा वेळ स्टिअरिंगवरची धूळ पुसत बसला. "रविवारी मी निगालो गावाकडं. राजश्रीचं लगीन हाय बाराला. घरचा गोंधळ, संबळ मीच धरायचा. सात वर्सांनी पोरीला बघनार हाय. पर अर्धा गोंधळ पाठीवर घिऊन मी संबळाला हात लावनार न्हाई. भावाला सांगितलंय, तू उबा ऱ्हा म्हनून. तुमच्यावर राग न्हाई. म्या तवाच आडून बसायला पायजे हुतं."

बापाने पोरीच्या गोंधळात हात बांधून बसायचं, आणि ते कोणामुळे? उल्का पुढे सरकून बसली. ती म्हणाली, "मी बघते. रविवारच्या आत बघते." गाडी पुन्हा निघाली आणि घर आलं. उतरताना तिने दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही, आणि त्याला खाली उतरून ते पुन्हा लावावं लागलं.

फिल्मची शेवटची फाइल गुरुवारी जायची होती. उल्काने आधी पळवाटच शोधली. माणूस आहे, शोधणारच. तिला वाटलं, शेवटी नावं सरकतात तिथे रंगनाथची आरती टाकली तर? त्याचंही समाधान, आपलंही पितळ झाकलेलं. बुधवारी तिने अलीजाला कॉल लावला आणि भोळेपणाने सुचवलं, "शेवटी आरती छान वाटेल."

"छानच वाटेल," अलीजा म्हणाली. दोघींचं बोलणं अर्थातच इंग्रजीत. "पण आरतीच्या वेळी आमचा रेकॉर्डर बंद होता. बॅटरी गेली होती. तुझ्याकडे आरती आली कुठून?"

झालं! उल्काने तोंड उघडलं आणि तिला आणखी एक थाप सुचलीसुद्धा. कुटुंबातल्या कोणाच्या तरी फोनवर होती, असं म्हटलं असतं तर निभावलं असतं. जिभेच्या टोकापर्यंत आली ती थाप. पण तिला स्टिअरिंग पुसणारा हात दिसला. आणि तिने सगळं सांगून टाकलं. रंगनाथ, काचेची खोली, कापरा आवाज, नवीन फिल्टर, सगळं.

अलीजाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उल्का," ती म्हणाली, "अलार्म होता तिथे. एक म्हातारा माणूस अलार्मच्या वरताण ओरडून आपल्या देवांना बोलावत होता, आणि थांबत नव्हता. मी त्या चार मिनिटांसाठी ती अख्खी फिल्म केली. आवाज त्याचाच आहे म्हणून मी अलार्म जाऊ दिला. तुला ते ऐकू आलं नाही?"

उल्का रडायला लागली. अलीजाने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग कामाचं बोलली. मूळ आवाज परत बसव, उद्यापर्यंत. चित्राचे तुकडेही होते तसे. सहावा भाग दुसऱ्या कोणाकडे जाईल. "आणि श्यामरावांना तू सांगायचंस. मी नाही."

ते सांगणं सगळ्यांत कठीण होतं. कतारात संध्याकाळ आणि एडिसनला सकाळ, म्हणजे आजोबांच्या चहाची वेळ. उल्काने एका दमात सांगून टाकलं आणि डोळे मिटून वाट पाहत राहिली. आता झापतील. झापलं असतं तर बरंच वाटलं असतं तिला.

"तरीच," श्यामराव म्हणाले. "सूनबाईला मी म्हटलं होतं, हा माझा आवाज नाही. ती म्हणाली, बाबा, तुमचाच आहे. मग म्हटलं असेल बुवा." चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "ज्यांचा आहे ते मोठे गोंधळी दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांगा." एवढं बोलून त्यांनी जपून, कोणाला लागू नये अशा बेताने, फोन ठेवला. उल्काला ते फार लागलं.

त्या रात्री आणि गुरुवारी दिवसभर बसून तिने अलार्म परत बसवला. आर्या शाळेतून येऊन तिच्या खुर्चीमागे उभी होती. उल्का तिला म्हणाली, "तुझंच बरोबर होतं गं. ते काकाच होते. मी खोटं बोलले." आर्याने खांदे उडवले. "आय न्यू," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी रंगनाथ अबू हमूरला आला तो तासभर उशिरा. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारी भरतात, आणि जवळच्या चर्चना येणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. आंघोळ, कुंकू, बगलेत तुणतुणं. व्हिलाच्या मागच्या फरशीवर उल्काने पाट मांडला होता, तांदळाचा चौक, तांब्यात पाच पानं, नारळ. दिवटी कुठून आणायची? जाड पळीला सुती फडकं घट्ट गुंडाळून, तेलात भिजवून ठेवलं होतं. रंगनाथने ती पळी हातात घेऊन पाहिली आणि हसला. "चालतंय की."

"भाऊ, आधी एक सांगायचंय." ती उभ्याउभ्याच बोलली. "तुमचा आवाज काढला फिल्ममधून. म्हणजे आता ते परत परत बोलावणं होणार नाही. पण मग तुमचा आवाज... तो आता पिक्चरमध्ये नाही."

रंगनाथने पळी पाटावर ठेवली. बराच वेळ तो चौकातले तांदूळ बोटाने नीट करत राहिला, ते नीटच होते तरी. "राजश्रीनं सासरी सांगितलंय," तो म्हणाला. "माझा बाप अमेरिकेच्या पिच्चरात हाय म्हनून. लग्नाच्या मांडवात दावनार हुती ती, मोबाइलवर."

हे तिला माहीतच नव्हतं. तिने विचारलंच कधी होतं? एक दुरुस्त करायला गेली आणि दुसरं मोडून बसली. "भाऊ, मला माफ करा," ती म्हणाली, आणि ते शब्द तिला स्वतःलाच इतके हलके वाटले की तिने मान खाली घातली.

"ऱ्हाऊ द्या. देव उभं हायत." त्याने पळी पेटवली आणि तिच्यापुढे धरली. "धरा."

"मी?"

"मग कोन? गोंधळाला यजमान लागतोय. बोलावलं कुनी? तुमी. धरा, आन् हात हलवू नगा."

तिने दिवटी धरली. तेल मनगटावर ओघळलं, चटका बसला, तिने हात हलवला नाही. रंगनाथने डब्याच्या तुणतुण्यावर तार छेडली. आरती झाली. मग त्याने एकेकाला निरोप द्यायला सुरुवात केली, आले होते त्याच्या उलट्या क्रमाने. शिवेवरचा म्हसोबा, मरीआई, जेजुरी, कोल्हापूर, माहूर. प्रत्येकाला म्हणाला, लई वेळ थांबवलं, चुकलं आमचं, पोटात घाला. आमचं म्हणाला तो. माझं म्हणाला असता किंवा यांचं म्हणाला असता तर उल्काला सोसलं असतं. आणि शेवटी तुळजापूरची आई, तिला निरोप देताना त्याचा आवाज फुटला आणि त्याने तो सावरला नाही. वाटीतल्या दुधात दिवटी विझवली. धूर सरळ वर गेला. इथे वर छत नव्हतं, म्हणून काही वाजलं नाही.

"खलास," रंगनाथ म्हणाला आणि खरोखर हलका झाल्यासारखा हसला. "आता वाजवीन संबळ. पोरगी बगंल."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची बायको सत्यभामा. त्याने स्पीकरवर टाकला, कारण हात तेलाने माखले होते. घराच्या रंगाचं, पाहुण्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आन् पिच्चरचं काय? पोरगी रोज इचारती."

रंगनाथने उल्काकडे पाहिलंही नाही. "ते काढलं त्येंनी. माझाच सूर लागला न्हाई गं. त्येंनी लई बारी म्हनायला लावलं, पर जमंना. आता वय झालं."

उल्काला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "भाऊ, हे काय बोलताय!" तिने हातानेच खुणावलं. तो मान हलवून नको म्हणाला. फोनपासून तोंड वळवून पुटपुटला, "यजमानाचं नाव खाली पडू देत न्हाईत ताई."

पण हे काही तिला गिळता येईना. तिने पुढे होऊन त्याच्यासमोरचा फोन उचलला. "वहिनी, मी उल्का बोलतेय. स्टुडिओतली. भाऊंचा सूर इतका सुरेख लागला होता, की मी आयुष्यात तसा ऐकला नाही. त्यांचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. मी त्यांच्याकडून खोटेपणाने गाऊन घेतलं, म्हणून काढावं लागलं. सगळी चूक माझी आहे हो."

पलीकडे सत्यभामा हसली, मायेने.

"असू द्या ताई. तुमी लई सांभाळून घेताव त्येंला. तीस वर्सं ऐकतीय मी, मला ठावं हाय की त्येंचा सूर कवा लागतोय आन् कवा न्हाई. राजश्रीला सांगते मी समजावून. तुमी नगा वाईट वाटून घिऊ. परक्या मुलखात तुमच्यासारखं मानूस भेटलं, ह्येच लई झालं."

"अहो वहिनी, पण खरंच..." उल्का म्हणाली, तेव्हा तिकडे फोन ठेवलेला होता.